पाणी आहे का, असं विचारू नये

दार उघडणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलणार, हे मला जिना चढतानाच ठाऊक असतं. "आमच्याकडे डास नाहीत, खालच्यांकडे बघा." खालचे म्हणतात, मागच्या चाळीत बघा. चाळीतले म्हणतात, टॉवरचं काम चाललंय तिथल्या खड्ड्यात बघा. आणि टॉवरचा वॉचमन म्हणतो, "साहब नहीं है, कल आना." अशी वीसेक वर्षं मी डासांच्या मागावर आहे आणि डास नेहमी दुसऱ्याच्या घरी आहेत.

मी पालिकेच्या कीटकनाशक खात्यात काम करते. आधी चारकोप, मग विक्रोळी, आता भांडुप. मुलं 'मच्छरवाल्या बाई' म्हणतात, मोठी माणसं तोंडावर 'मॅडम' म्हणतात आणि दार लावल्यावर काय म्हणतात ते जिन्यात ऐकू येतं. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे धूर मारणं. धुराची गाडी आली की सोसायटी खूश, ग्रुपवर व्हिडिओ, त्याखाली शाबासकीचे अंगठे. पण धुराने मरतात ते त्या वेळी हवेत असलेले डास. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही नसतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन बाहेर पडतात. म्हणून आमचं खरं काम म्हणजे डास जन्मतात ती जागा शोधणं.

डेंग्यूचा डास गटारात जन्मत नाही. त्याला तुमच्या घरातलं, स्वच्छ दिसणारं, न हललेलं पाणी लागतं. बादलीच हवी असं नाही, नारळाची करवंटी पुरते. पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आत जास्त. लांब उडत नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुतेक करून तुमच्याच आसपास जन्मलेला असतो. हे वाक्य मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं की सगळे शेजाऱ्याकडे बघतात.

माझा क्रम ठरलेला आहे. गेटपासून सुरुवात, मग जिन्याखालची जागा, पंपाची खोली, मागचा पॅसेज, मग घरं, शेवटी गच्ची. घरात आधी संडास-बाथरूम, मग ओटा, फ्रिजच्या मागचा ट्रे, खिडकीतल्या कुंड्यांच्या ताटल्या. क्रम मोडला की काहीतरी राहतं. आणि एक सवय या नोकरीने लावली ती म्हणजे कुणाच्याही तोंडी उत्तरावर टिकमार्क करायची नाही. बंद खोली माझ्या लेखी निर्दोष नसते, ती 'बाकी' असते.

याचा अर्थ लोक खोटारडे असतात असा नाही. चारकोपला एक निवृत्त गृहस्थ होते. घर आरशासारखं लख्ख. पाणी साठवलंय का विचारलं, तर दुखावल्यासारखं "छे छे" म्हणाले. हॉलमध्ये दहा-बारा रंगीत बाटल्यांमध्ये मनी प्लांट आणि प्रत्येक बाटलीत अळ्या नाचतायत. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "अहो, हे पाणी कुठे, हे प्लांट्स आहेत!" त्यांना खरंच तसं वाटत होतं. विक्रोळीला एका बाईंनी उलट माझीच झडती घेतली. आमची माणसं बाटलीतून अळ्या आणतात, टाकीत सोडतात आणि मग नोटीस देतात, अशी तिकडे अफवा होती. आधी ओळखपत्र, मग ऑफिसला फोन, मग बॅग उघडा, बाटली दाखवा. बाटली रिकामी होती, तरी म्हणाल्या, "आता रिकामी आहे, पण येताना काय होतं कुणास ठाऊक." मला राग आला नाही. मीसुद्धा सगळ्यांकडे असंच बघते.

या सगळ्यात एक तपासणी मात्र मनात घर करून राहिली आहे. भांडुपची, डोंगराच्या बाजूची चार मजली इमारत. तळमजल्यावर गायकवाड बाईंचं पाळणाघर.

गायकवाड बाई साठीच्या. यजमान गेल्यावर त्यांनी घरातच पाळणाघर सुरू केलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि त्याखाली ओळीने मुलांच्या चपला. बिल्डिंगमधली आणि गल्लीतली कामाला जाणाऱ्या आयांची मुलं दिवसभर त्यांच्याकडे असायची. त्या पावसाळ्याच्या शेवटी आधी तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना डेंग्यू झाला, ते बरे झाले. मग पाळणाघरातल्या दोन मुलांना झाला. त्यातली चिन्मयी, अडीच वर्षांची, हॉस्पिटलमध्ये होती. दोन्ही मुलं दिवसभर पाळणाघरात असतात आणि हा डास दिवसा चावतो, तेव्हा संशय कुठे जाणार हे सांगायला नको. कुणीतरी गायकवाड बाईंच्या मोरीतल्या उघड्या टबांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. रविवारी सोसायटीची मीटिंग ठरली, विषय एकच: राहत्या इमारतीत पाळणाघर चालू ठेवायचं की बंद करायचं. गायकवाड बाईंचं घर त्यावरच चालायचं.

मीटिंगच्या आधीच्या सोमवारी मी आणि परब पोचलो. परब माझ्यासोबत बरीच वर्षं काम करतो. शिडी, औषधाचा पंप आणि मालवणी, तिन्ही कायम सोबत. गेटवर सेक्रेटरी राणे उभेच होते. साठी ओलांडलेले, कंपनीतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"मॅडम, बाकी फिरायची गरज नाही. प्रॉब्लेम तळमजल्यालाच आहे. फोटो बघितलात ना?"

"बघितला. पण मी गेटपासून सुरुवात करते."

"तुमची मर्जी," ते म्हणाले, आणि पूर्ण वेळ माझ्या मागे दोन पावलांवर चालत राहिले. पंपाची खोली स्वच्छ. टाक्यांची झाकणं घट्ट. जिन्याखाली सायकली. सोसायटीचं ऑफिस पाळणाघराला लागूनच, मधे एकच भिंत. ऑफिसात टेबल, खुर्च्या, कपाट. मागे एक छोटी खोली, तिला कुलूप.

"इथे काय?"

"डेकोरेशनचं सामान. गणपतीचं."

"पाणी वगैरे?"

"छे! पाणी कशाला असेल? किल्ली आज माझ्याकडे नाही, खजिनदारांकडे आहे. ते गावी गेलेत, परवा येतील."

मी वहीत 'बाकी' लिहिलं. हातातल्या जुडग्यात इतक्या किल्ल्या आणि हीच नेमकी नाही, हेही मनात लिहिलं.

पाळणाघरात गायकवाड बाईंनी दारातच हात जोडले नाहीत, चहा विचारला नाही. "बघा काय बघायचंय ते," एवढंच. मोरीत चार टब, दोन बादल्या, तीन मोठी पातेली, सगळी भरलेली. वर ताटं झाकलेली, पण एका टबाला ताट अपुरं. मी पळीने प्रत्येक भांड्यातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घेऊन टॉर्च मारला. पांढऱ्यावर अळी लगेच दिसते, वळवळते आणि उजेडापासून पळते. एकही नाही.

"एवढी भांडी का?"

"पाणी सकाळी एकदाच येतं. मुलांचं धुणंपुसणं दिवसभर असतं. संध्याकाळी सगळं उपसून पालथं घालते."

"मोठा ड्रम घ्या ना झाकणाचा. हे असं उघडं बरं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर बाजूला वळवली. "बघू," म्हणाल्या. त्या 'बघू'मध्ये काहीतरी होतं. मी तेही लक्षात ठेवलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याविरुद्ध लक्षात ठेवलं. झाकपाक करणारा माणूस असाच तुटक बोलतो.

बाहेर आल्यावर परब म्हणाला, "बाई, हयसर अळये गावचे नाय. पण डास आसत. माका दोन चावले."

तेच खटकत होतं. अळ्या नाहीत आणि डास आहेत, म्हणजे जागा दुसरी आणि जवळ.

बुधवारी दुपारी मी परबाला घेऊन परत गेले. मुलं झोपली होती. गायकवाड बाईंना विचारून मी आतल्या खोलीत पडद्यांमागे, टांगलेल्या फ्रॉकांमध्ये, टेबलाखाली शोधलं. हा डास अंधाऱ्या कोपऱ्यात, कपड्यांच्या आडोशाला बसतो. आमच्याकडे काचेची एक नळी असते, तिला रबरी नळी आणि मधे जाळी. तोंडाने ओढलं की बसलेला डास नळीत येतो. बघणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटतो.

"हे काय, डास पिताय?" गायकवाड बाई पहिल्यांदा हसल्या.

"ओढून घेतेय फक्त. जाळी आहे मधे."

मी नळी खिडकीशी धरून भिंगाने बघितलं. त्यातल्या काहींच्या डोक्यावर पिसासारखी झुपकेदार शिंगं होती. ते नर. नर चावत नाहीत, रक्त पीत नाहीत, त्यामुळे त्यांना कुठे जायचं कारण नसतं. जन्मले त्या जागेच्या आसपासच घुटमळतात. एखाद्या खोलीत नर जास्त सापडले, तर त्यांचा पाळणा हाकेच्या अंतरावर असतो. आणि हे सगळे नर एकाच भिंतीच्या बाजूला बसले होते, ऑफिसच्या मागच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीकडे. त्या खोलीचा झरोका आणि पाळणाघराची खिडकी मागच्या पॅसेजमध्ये शेजारी शेजारी उघडतात.

मी राण्यांना फोन लावला. खजिनदार आले होते, किल्लीही आली होती. राणे खाली आले ते वैतागून.

"मॅडम, तुम्ही त्या बाईंच्या घरातनं थेट आमच्या ऑफिसात कशा आलात? तिकडे डास, आणि शोधताय इकडे?"

"इकडून तिकडे जातायत म्हणून."

"आत पाणी नाही हो! किती वेळा सांगू? लिहून देऊ?"

"लिहून नको. उघडून द्या."

कुलूप काढलं. दार ढकलण्याआधी राण्यांनी चपला काढल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या. मी थांबले. अडगळीच्या खोलीत कोण चपला काढून जातं?

मागे बघितलं, तर परबानेही गमबूट काढले होते. त्याला आतलं काही दिसलं नव्हतं, पण राण्यांच्या चपलांवरून कळलं होतं.

आत मखराच्या फळ्या, चादरी, लाइटच्या माळा. कोपऱ्यात एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम. त्यावर पाट ठेवलेला, पाटावर हळदकुंकू, सुकलेली जास्वंद, नारळ.

"हे काय आहे?"

"बाप्पा," राणे म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. या वर्षी सोसायटीने शाडूची मूर्ती आणली होती आणि पाचव्या दिवशी इथेच ड्रममध्ये विसर्जन केलं होतं. ती माती आणि ते पाणी गटारात जायला नको, म्हणून ते बागेत घालायचं ठरलं. पण बागेत नवीन रोपं लावून, सगळ्यांना बोलावून, व्यवस्थित करायचं होतं. तोवर पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन काही नको, म्हणून मग घटस्थापनेला याच मातीत घट बसवायचा असं कमिटीने ठरवलं. तेव्हापासून ड्रम इथे.

"म्हणजे यात पाणी आहे."

"पाणी म्हणजे... बाप्पा विरघळलेत त्यात."

ते खोटं बोलत नव्हते. सोमवारी मी 'पाणी आहे का' विचारलं, तेव्हाही त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं. बादलीतलं ते पाणी, टाकीतलं ते पाणी. ड्रममध्ये होते ते बाप्पा.

"पाट उचलावा लागेल."

राणे हलले नाहीत. मी परबाकडे बघितलं. आयुष्यभरात शेकडो ड्रम उलथे केलेल्या माणसाने हात मागे घेतले.

"बाई, माका सांगू नकात. ह्यात औषध घालूचा काम माझ्याच्यान होवचा नाय."

माझ्याही घरी दीड दिवसाचा गणपती असतो. मी नमस्कार केला, नारळ बाजूला ठेवला आणि पाट उचलला. गोल तोंडावर चौकोनी पाट, दोन बाजूंना चार-चार बोटं फटी. पाट उचलताच डासांचा लोटच तोंडावर आला. माती खाली बसून वरचं पाणी अगदी नितळ झालं होतं. टॉर्च मारला. पूर्ण पृष्ठभाग हलत होता. मी वाडग्यात घेऊन राण्यांसमोर धरलं. त्यांनी वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, "आरती करायचो आम्ही इथे. खजिनदार गावी जाईपर्यंत, रोज संध्याकाळी."

म्हणजे रोज संध्याकाळी चावून घ्यायलाही माणसं येत होती.

ड्रम जरा फिरवला, तर भिंतीकडच्या बाजूला पांढऱ्या रंगात अक्षरं दिसली: 'पाळणाघर'.

राण्यांचा चेहरा बदलला. माणसाला सुटकेची वाट दिसली की होतो तसा. "बघा! ड्रम त्यांचाच आहे. म्हणजे नोटीस..."

"ड्रम त्यांचा?"

"त्यांच्याकडूनच घेतला होता. अंडी आधीपासूनच असणार त्यात. तुम्हीच म्हणता ना, अंडी सुकून चिकटून राहतात, महिनोन्‌महिने जगतात?"

हे मात्र खरं आहे. ड्रम कोरडा दिसला तरी काठाला अंडी चिकटलेली असू शकतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून आम्ही सांगतो, नुसतं उपसू नका, आतून घासा. राण्यांनी माझं वाक्य नेमकं लक्षात ठेवलं होतं आणि नेमकं नको तिथे वापरत होते. पण पडताळल्याशिवाय सोडायचं नाही हा माझाही नियम. मी शेजारचं दार वाजवलं.

"गायकवाड बाई, ऑफिसातला निळा ड्रम तुमचा?"

"हो."

"सोमवारी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ड्रमचं कुठे विचारलंत? तुम्ही म्हणालात, मोठा ड्रम घ्या." त्या दारातच उभ्या होत्या, कडेवर एक मूल. "होता माझ्याकडे मोठा, झाकणाचा. दर आठवड्याला काथ्याने घासायचे. विसर्जनाच्या दिवशी राणे मागायला आले, दिला. दोन दिवसांत देतो म्हणाले. एकदा मागितला, म्हणाले विसर्जन झालंय, आता हलवता येणार नाही. दुसऱ्यांदा मागितला, म्हणाले पितृपक्ष संपू दे."

"मग तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा मागितला असता, तर ग्रुपवर काय आलं असतं, माहितीये? हिला आमच्या देवाचं काही नाही." मूल दुसऱ्या कडेवर घेत त्या म्हणाल्या, "माझ्या घरात टब आणि पातेली का आहेत, ते आता कळलं ना?"

कळलं. मोठा ड्रम गेला म्हणून उघडे टब आले, उघड्या टबांचा फोटो झाला, आणि खरं पाणी भिंतीपलीकडे कुलपात होतं. झाकणही त्यांच्याकडेच पडून होतं. पाट ठेवायचा म्हणून कुणी नेलं नव्हतं.

"मग आत्ता ओतून टाकू या," मी म्हटलं. "तुमचा ड्रम आहे, तुम्ही..."

"मी हात लावणार नाही." त्या लगेच मागे सरकल्या. "आज मी ओतला तर उद्या सगळे म्हणतील, गायकवाड बाईने बाप्पा ओतला. रविवारची मीटिंग मग दोन मिनिटांत संपेल."

त्या बरोबर होत्या. राणे ओतणार नाहीत, परब औषध घालणार नाही, गायकवाड बाई हात लावणार नाहीत. मला अधिकार होता, पण सरकारी माणसाने देवाचा ड्रम उलथा केला की त्याची गोष्ट किती पसरते, ते मी जाणून आहे. तो ड्रम कुणी हलवावा हे ठरेना आणि तेवढ्यात त्यातले डास आम्हाला चावत होते.

तोडगा काढला तो राण्यांच्या आईने. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत जिना उतरून आल्या. कुणीतरी वर सांगितलं असावं. त्यांनी पाटाकडे बघितलं, ड्रममध्ये वाकून बघितलं आणि मुलाला विचारलं, "ह्या हय कोणी ठेवल्यान?"

"आई, पितृपक्ष आहे म्हणून..."

"पितरांका पाणी देवचे दिवस हे, मेल्या! कोंडून ठेवूक कोणी सांगितल्यान? तुझो बापूस वर बसान तहानेन बघता, आणि तू पाणी कुलपात घालतंस?" परबाला बघून म्हणाल्या, "तू मालवणचो मा? घे ड्रम. जास्वंदीच्या मुळात घाल. गणपती जास्वंदीत गेलो तर वायट काय झाला?"

परबाने विचारलंही नाही. त्याने आणि राण्यांनी मिळून ड्रम मागच्या बागेत नेला. आजींनी पहिली ओंजळ स्वतः घातली. मी एवढंच सांगितलं की डबकं होऊ देऊ नका, झाडाच्या आळ्यात सगळीकडे पसरा, जमिनीत मुरू द्या. पाणी मातीत मुरलं की अळी मरते, तिला औषध लागत नाही. रिकामा ड्रम परबाने काथ्या आणि साबणाने दोनदा घासला, गायकवाड बाईंनी झाकण आणून दिलं.

मी नोटीस लिहायला घेतली तेव्हा राणे म्हणाले, "मॅडम, आता झालं ना? नोटीस राहू द्या. बाप्पाच्या नावावर नोटीस?"

"बाप्पाच्या नाही, सोसायटीच्या. खोली सोसायटीची, किल्ली सोसायटीची."

"आणि ड्रम?"

त्यांनी ड्रमचा विषय पुन्हा काढला होता, म्हणून रविवारी मी मीटिंगला गेले. सुट्टीच्या दिवशी जायची मला गरज नव्हती, पण माझ्या मागे तो प्रश्न कोणत्या दिशेने फिरेल, याची खात्री नव्हती.

आणि तसंच झालं. खुर्च्या मांडल्या होत्या, गायकवाड बाई शेवटच्या रांगेत. कुणीतरी म्हणालं, अळ्या सापडल्या हे खरं, पण ड्रम कुणाचा ते ग्रुपवर का नाही आलं? दुसरा म्हणाला, "काही असो, रिस्क कशाला घ्यायची? लहान मुलं आहेत. पाळणाघर बंद, विषय संपला." दोन-तीन माना डोलल्या. राणे टेबलामागे उभे होते, हातात माझी नोटीस. वाचायची की घडी घालायची, हे त्यांचं ठरत नव्हतं. मी बोलायला उठणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून काठी आपटली.

"भांडा तिचा," राणे आजी म्हणाल्या, "पाणी आपला."

सगळ्या इमारतीसमोर त्याला पाणी म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

राण्यांनी नोटीस वाचली. सोसायटीच्या नावाची, सेक्रेटरी म्हणून स्वतःच्या नावासकट, पूर्ण. मग म्हणाले, ड्रम मी मागून आणला होता, परत मीच दिला नाही. पाळणाघराचा विषय मतालाच आला नाही. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. गायकवाड बाई उठून घरी गेल्या आणि मागून कुणीतरी म्हणालंच, "तरी पण लक्ष ठेवायला पाहिजे हां."

चिन्मयी घरी आली होती, पण पुढचे काही दिवस पाळणाघरात मुलं निम्मीच होती. ठराव झाला नाही म्हणून भीती जाते असं नाही. दुसऱ्या मुलाच्या आईने त्याला कुठेतरी दुसरीकडे ठेवलं, तो परत आलाच नाही. मला हे सांगायला आवडत नाही, पण आमच्या कामात जागा सापडते, गेलेला विश्वास आमच्या टॉर्चने सापडत नाही.

आठवड्याने आम्हाला फेरतपासणी करावी लागते. मी सकाळी गेले. ऑफिसमागची खोली उघडी, कोरडी, झाडलेली. पाळणाघरात निळा ड्रम मोरीत, झाकण घट्ट. मी सगळं बघून बाहेर पडत होते, तेव्हा दारात एक तरुण मुलगी उभी होती. खांद्यावर ऑफिसची पर्स, कडेवर चिन्मयी. चिन्मयी अशक्त दिसत होती, आईच्या खांद्यावर डोकं टेकून.

"तुम्हीच त्या मॅडम ना? बघितलंत सगळं?"

"बघितलं. काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे बघितलं, मग गायकवाड बाईंकडे. मी असं किती जणांकडे बघितलंय, त्यामुळे ती नजर ओळखीची होती. मग तिने हात पुढे केला. "जरा टॉर्च देता?"

मी दिला. ती मुलीला कडेवर घेऊनच आत गेली. मोरीत ड्रमचं झाकण उघडून बघितलं. ओट्याखाली वाकली. फ्रिजच्या मागे उजेड टाकला, पडदा झटकला, कुंडीची ताटली उचलून पालथी केली. क्रम चुकला होता, पण काही सोडलं नाही. गायकवाड बाई भिंतीला टेकून शांत उभ्या राहिल्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की आत्ताच तर मॅडमनी तपासलं.

ती बाहेर आली, टॉर्च माझ्या हातात दिला. मग दारातच बसून चिन्मयीच्या पायातले बूट काढले, ओळीतल्या चपलांशेजारी ठेवले आणि डब्याची पिशवी गायकवाड बाईंच्या हातात दिली.

"दुपारी भात थोडाच खाईल ती. जबरदस्ती नका करू," म्हणाली, आणि कामावर पळाली.